अज्ञात द्रव

सोसायटीच्या नोटिशीतला बाकी सगळा मजकूर जयवंत परबांनी गिळला असता. ‘आपल्या वाहनातून होणाऱ्या गळतीमुळे आवारातील नवीन पेव्हर ब्लॉक खराब होत असून’ हे ठीक होतं. ‘सात दिवसांच्या आत बंदोबस्त न केल्यास’ हेही ठीक. सेक्रेटरी श्यामसुंदर वैद्य बँकेतून निवृत्त झालेले. मुदत घातल्याशिवाय त्यांना दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा देता येत नसत. पण मधल्या एका ओळीत ‘सदर अज्ञात द्रव’ असे शब्द होते, आणि ते परबांना जिव्हारी लागले.

परबांनी एकतीस वर्षं अंधेरीच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला काढली होती. खोकल्याच्या औषधाचा रंग एका छटेनं जरी उतरला, तरी अख्खी बॅच अडवून धरणारा हा माणूस. एकदा मालकाचा मेहुणा त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला होता तरी यांनी सही दिली नव्हती. (त्यानंतर चार वर्षं त्यांना बढतीही मिळाली नव्हती, पण तो विषय घरात कुणी काढत नसे.) अशा माणसाच्या गाडीखाली अज्ञात द्रव!

“अज्ञात काय, अज्ञात?” ते बायकोला म्हणाले. “बघ तू. आठ दिवसांत थेंब न् थेंब ज्ञात करून देतो.”

“थेंब ज्ञात नको, बंद करा,” जानकीबाई म्हणाल्या आणि कुकरची शिट्टी काढायला आत गेल्या.

गाडी म्हणजे चौदा वर्षांची पांढरी पिकअप. निवृत्त झाल्यावर परबांनी ती जुन्यात घेतली आणि शूटिंगला भाड्यानं झाडं पुरवायचा धंदा सुरू केला. गोरेगावच्या एका नर्सरीच्या कोपऱ्यात त्यांच्या दीडशे कुंड्या असत. सकाळी झाडं गाडीत चढवायची, कधी गोरेगावच्या स्टुडिओत तर कधी मढच्या बंगल्यांवर पोचवायची आणि संध्याकाळी परत आणायची. त्यांची एक तुळस तर एकाच वेळी तीन मालिकांत काम करत होती. एकीत ती सासूची होती, दुसरीत सुनेची, आणि तिसरीत तिच्यासमोर नुसत्या शपथा घेतल्या जात.

रत्नदीप हाइट्समध्ये मात्र या गाडीला कुणी पिकअप म्हणत नसे. सगळे ‘तो टेम्पो’ म्हणत. जोगेश्वरीत जिथे आता हे रत्नदीप उभं होतं, तिथे पूर्वी चाळ होती, आणि परब चाळीतही पहिल्या मजल्यावर राहत होते. चाळ पाडून बिल्डरनं बावीस मजले चढवले, जुन्या भाडेकरूंना खालचे चार दिले आणि वरचे विकले. तेव्हापासून लिफ्टमध्ये कोण कितव्या मजल्याचं बटण दाबतो यावरून माणसाची पत कळू लागली. परब जिन्यानंच जात.

तपासाला सुरुवात झाली ती पुठ्ठ्यांनी. परबांनी वाण्याकडून साबणाची खोकी आणली, ती सपाट केली, गाडीखाली सहा तुकडे अंथरले आणि प्रत्येकावर तारीख, वेळ आणि जागा लिहिली. दुसऱ्या दिवशी चार पुठ्ठ्यांवर डाग होते. परबांनी गुडघे टेकून ते बाहेर ओढले, वास घेतला, बोटांत चोळून पाहिले आणि वहीत टिपलं. काळा, दाट : इंजिन ऑइल. हिरवट, चिकट : कुलंट. पिवळसर, घाण वासाचा : गिअर ऑइल. चौथा होता निव्वळ पाणी. ते कुंड्यांमधून हौद्यात आणि हौद्याच्या भोकातून खाली येत होतं.

“चार द्रव, चारही ज्ञात,” परब म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं. गाडी चार ठिकाणी गळते याचं वाईट वाटायला हवं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

एव्हाना गाडीभोवती मंडळी जमू लागली होती. सर्वांत नियमित येत ते भाऊराव सकपाळ. चाळीपासूनचे शेजारी आणि बसच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी नऊला खाली उतरत, जानकीबाईंनी पाठवलेला चहा घेत आणि गाडीच्या टायरला चपलेनं हलकेच ठोकर मारत. ही ठोकर म्हणजे त्यांची तपासणी.

“जयवंता, आमच्या डेपोत दोनशे गाड्या होत्या. गळत नव्हती अशी एक नव्हती. तू उगाच टेन्शन घेतोस.”

“मग बंद कसं करायचं ते सांगा ना, भाऊ.”

“बंद? बंद कशाला करतोस? खाली ट्रे ठेव.”

तिसऱ्या मजल्यावरच्या एकानं इंजिन धुऊन वर टाल्कम पावडर मारायला सांगितली, म्हणजे तेल कुठून येतं ते पांढऱ्यावर दिसेल. परबांनी जानकीबाईंचा पावडरचा डबा रिकामा केला. गाडी सुरू करताच पंख्यानं ती सगळी पावडर उडवली, आणि वैद्यांच्या गाडीवर, वैद्यांच्या चष्म्यावर आणि वैद्यांवर बसली. वैद्यांनी नुसता खिशातून पेन काढला. संध्याकाळी दुसरी नोटीस आली. तिच्यात आता ‘अज्ञात द्रव व अज्ञात भुकटी’ असा उल्लेख होता.

“भुकटी अज्ञात कशी? अख्ख्या जिन्यात चंदनाचा वास येतोय!” परब ओरडले.

शेवटी गाडी खंडूच्या गॅरेजमध्ये गेली. खंडू ओशिवऱ्याच्या नाल्याजवळ बसायचा. कमी बोलायचा आणि जे बोलायचा त्यानं माणूस खचायचा. त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरी मारली आणि म्हणाला, “सर, वरून टपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. ते बदलू. मग खालचं दिसेल.”

पॅकिंग बदललं. मग खालचं दिसलं. चेंबरचं पॅकिंगही गेलं होतं. ते बदललं तर मागचं ऑइल सील ओलं निघालं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवला, तर गिअरबॉक्सचं सील हातातच आलं. कुलंटचा पाइप बदलला, तेव्हा नव्या पाइपचा दाब जुन्या रेडिएटरला सोसेना. दर वेळी खंडू हात पुसत तेच वाक्य म्हणे, “आता बघा, झकास झालं,” आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर ताजा डाग असे. या भानगडीत परबांची तुळस दोन मालिकांतून गेली. झाडं वेळेवर येईनात म्हणून मालिकावाल्यांनी प्लॅस्टिकची आणली, आणि कॅमेऱ्याला फरक कळला नाही. परबांना तो फार कळला.

मधेच एकदा खंडू म्हणाला होता, “सर, ब्रेक ऑइल जरा कमी दिसतंय. टॉप-अप मारलंय.”

“कुठे गळतंय का?”

“खाली तर काही दिसत नाही.”

परबांनीही चारही चाकांजवळ पुठ्ठे घालून पाहिले. कोरडे. त्यांनी वहीत लिहिलं, ‘ब्रेक ऑइल पाव इंच कमी. डाग नाही.’ पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोनदा लिहिलं, ‘पाव इंच कमी. भरले. डाग नाही.’ डाग नव्हता म्हणजे वैद्यांची तक्रार नव्हती, आणि तक्रार नव्हती ती गोष्ट त्या दिवसांत परबांच्या लेखी घडतच नव्हती.

तीन आठवड्यांनी पुठ्ठे एकदाचे स्वच्छ निघाले. सहाच्या सहा. परबांनी ते घरात आणून जानकीबाईंना दाखवले, जशी पोरं प्रगतिपुस्तक दाखवतात. आणि त्याच सकाळी वॉचमन तिसरी नोटीस घेऊन आला. डाग वाढला होता.

परब धावत खाली गेले. खरंच होतं. पुठ्ठ्यांच्या पलीकडे, गाडीच्या मागच्या अंगाला, पेव्हर ब्लॉकवर ताटाएवढा तेलकट डाग होता. ओला. त्यांनी बोट लावलं, चोळलं, वास घेतला. पातळ, स्वच्छ, जळका वास नाही. इंजिनचं नाही. गिअरचं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच परबांना द्रव ओळखता आला नाही.

“माका ह्यातला काय एक कळना नाय,” जानकीबाई म्हणाल्या. चिडल्या की त्या मालवणीवर येत. “गाडी नाय गळत म्हणतास, आणि तेल खंयसून येता?”

परबांनी मग नोकरीत करायचे तेच केलं. गाडी दोन दिवस बाहेर रस्त्यावर उभी केली, रिकाम्या जागी जुनी पांढरी चादर अंथरली आणि दुपारी जेवून घडीची खुर्ची टाकून समोर बसले. येणारे-जाणारे विचारत, “काय परब, पापड वाळत घातलेत का?” परब उत्तर देत नसत. प्रयोग चालू असताना बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

साडेतीनला शेजारचा स्टॅक हलला. स्टॅक म्हणजे गाडीवर गाडी ठेवायचं ते लोखंडी यंत्र. वरच्या मजल्यांच्या गाड्या त्यात ठेवायच्या, बटण दाबलं की खालची वर जाते. वर जाताना ते कण्हलं, आणि खांबाच्या मागून तेलाची बारीक रेघ निघाली. ती उतारानं सरकत भिंतीच्या कडेनं आली, पेव्हर ब्लॉकच्या फटीत शिरली आणि चादरीच्या मध्यावर हळूच वर आली. गाडी तर तिथे नव्हतीच.

परब खुर्चीवरून उठले. मालकाच्या मेहुण्याची बॅच पकडली होती त्या दिवशी छातीत असंच काहीतरी झालं होतं.

“आपली गाडी गळत नाही!” ते खालूनच ओरडले. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून जानकीबाईंनी मान बाहेर काढली. “जानकी, आपली गाडी गळत नाही!”

अहवाल अकरा पानांचा झाला. त्यात तक्ते होते, फोटो होते, पुठ्ठ्यांची यादी होती आणि सातव्या पानावर स्टॅकपासून डागापर्यंतच्या उताराचं मापासहित चित्र होतं. तो द्यायला परब सोसायटीच्या ऑफिसात गेले तर वैद्य म्हणाले, तीन प्रती लागतील. तीन प्रती नेल्या तर म्हणाले, स्टॅकची तक्रार स्टॅकच्या देखभाल कंपनीकडे करावी लागते. देखभाल कंपनी फोनवर म्हणाली, तक्रार फक्त सेक्रेटरीची घेतो. सेक्रेटरी म्हणाले, कमिटीचा ठराव असल्याशिवाय मला तक्रार करता येत नाही, आणि ठराव पुढच्या सभेत होईल.

सभा रविवारी गच्चीवर झाली. परब इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत पुठ्ठे धरून गेले. त्यांचा विषय सातवा होता. सहावा विषय वैद्यांनी वाचून दाखवला : ‘पिवळ्या पाटीची धंद्याची वाहने आवारात उभी करण्यास पहिल्या तारखेपासून मनाई. एकूण त्रेचाळीस सभासदांच्या सह्या.’ आवारात पिवळ्या पाटीचं वाहन एकच होतं.

“एक मिनिट, वैद्य,” परब उठले. “डाग माझ्या गाडीचा नाही. माझ्याकडे पुरावा आहे.”

“अहो परबसाहेब, विषय डागाचा नाहीच आता.”

“मग कशाचा आहे?”

सतराव्या मजल्यावरचा एक जण मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, “अंकल, डोण्ट माइंड. पण फ्लॅट बघायला पार्टी येते ना, तर गेटातून आल्या आल्या टेम्पो दिसतो.”

“पिकअप,” परब म्हणाले.

“हां, तेच.”

परबांनी सह्यांचा कागद मागून घेतला. वरच्या मजल्यांच्या सह्या त्यांनी भराभर पाहिल्या. त्यांचं काही वाटलं नाही. अठ्ठावीस नंबरला त्यांची नजर थांबली. ‘भाऊराव वि. सकपाळ.’ खाली बसच्या डेपोत करायचे तशी दोन रेघांची सही.

भाऊराव दोन खुर्च्या सोडून बसले होते. परबांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

“अरे, मागितली, दिली,” भाऊराव म्हणाले. “मी सगळ्यांनाच देतो. तू मागितली असतीस तर तुलाही दिली असती.” मग जरा थांबून म्हणाले, “नातवाला गाडी घ्यायचीय रे. जागा कुठाय?”

सातवा विषय आलाच नाही. कोरम संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परब झाडं घेऊन मढला निघाले. अहवाल सीटवरच पडला होता. तिथल्या एका बंगल्यात मालिकेचं शूटिंग होतं आणि चाळीस कुंड्या पोचवायच्या होत्या. मार्वेपर्यंत गाडी ठीक होती. रस्ताभर परब मनातल्या मनात भाऊरावांशी बोलत होते आणि त्यात ते जिंकत होते. बंगल्याच्या फाटकातून आत वळले, उतार लागला, ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय तळाला गेला.

त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा तळाला. हँडब्रेक ओढला, तो वर आला, पण चाकं धरेना. समोर एक पोलीस चौकी होती. नवीकोरी, पिवळी, वर निळा फलक. गाडी फार वेगात नव्हती, पण थांबतही नव्हती. परबांनी हॉर्नवर हात दाबला, डोळे मिटले आणि चाळीस कुंड्यांसकट चौकीत शिरले.

मोठा आवाज झाला, पण तो लागल्याचा नव्हता, फाटल्याचा होता. परबांनी डोळे उघडले तेव्हा ते चौकीच्या पार पलीकडे, बंगल्याच्या हिरवळीवर उभे होते. बॉनेटवर निळा फलक होता आणि जिभेवर माती होती. कुणालाही लागलं नव्हतं. चौकीत कुणी नव्हतंच. समोरून मात्र एक इन्स्पेक्टर हातात चहाचा ग्लास घेऊन धावत येत होता.

“काका, ठीक आहात ना? बसा, बसा इथे.”

परब खाली उतरले. त्यांनी आधी लायसन्स पुढे केलं. मग गाडीची कागदपत्रं. मग, आपण दारू प्यायलेलो नाही आणि गाडीची देखभाल करतो हे पटवायला, अहवाल.

“साहेब, गाडी माझ्या निष्काळजीपणानं गेलेली नाही. मी सगळं लिहून ठेवलंय. हे बघा.”

इन्स्पेक्टरनं खुर्ची ओढली आणि वाचायला सुरुवात केली. चाळून नव्हे, वाचायला. पान उलटण्याआधी तो बोट ओलं करत होता. तिसऱ्या पानावर त्यानं विचारलं, “हे पुठ्ठे तुम्ही रोज त्याच वेळेला काढायचात?” सातव्या पानावर तो थांबला, चित्र आडवं धरून पाहिलं आणि म्हणाला, “म्हणजे गाडी तिथे नसतानाही तेल आलं. मग संपलंच की, काका. तेल त्यांचंच आहे. तुमचं शंभर टक्के बरोबर आहे.”

महिनाभर परब हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला तडफडत होते. “साहेब, हे तुम्ही मला लिहून द्याल का?” त्यांनी विचारलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “मिहिर! अरे, टचअप करून घे यार! आणि ह्या टेम्पोवाल्याला कोण आत सोडला? चौकीची वाट लागली पार!”

इन्स्पेक्टरनं अहवाल नीट बंद करून परबांच्या हातात दिला. “सॉरी काका,” तो हळूच म्हणाला, “शॉट लागतोय,” आणि टोपी सरळ करत निघून गेला. परबांनी मागे वळून पाहिलं. चौकी प्लायवूडची होती. तिच्या मधोमध पिकअपच्या आकाराचं भोक पडलं होतं आणि त्यातून समुद्र दिसत होता.

झाडांचं ते काम त्याच दिवशी सुटलं. गाडी दोरीनं ओढत खंडूकडे आली. खंडूनं मागचं डावं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम उघडला आणि बाजूला झाला. आत सगळं चिप्प होतं. ब्रेकचे लायनर तेल पिऊन फुगले होते. ड्रमच्या कडेला धूळ आणि तेल मिळून काळा चिखल साठला होता.

“व्हील सिलिंडर गेलाय सर. ब्रेक ऑइल आतल्या आतच जिरत होतं. खाली थेंब येत नव्हता, म्हणून कळलं नाही. हँडब्रेक पण ह्याच लायनरवर असतो.” मग तो जरा चाचरत म्हणाला, “मी तेव्हाच उघडायला पाहिजे होतं.”

परबांनी खिशातून वही काढली आणि ती पानं काढली. ‘पाव इंच कमी. डाग नाही.’ तीन वेळा. त्यांच्याच अक्षरात, खाली त्यांचीच सही. वैद्यांनी, भाऊरावांनी, सतराव्या मजल्यानं काय केलं हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि त्यातलं काहीच इथे उपयोगाचं नव्हतं. कंपनीत ही नोंद दुसऱ्या कुणी केली असती, तर परबांनी त्याला उभा केला असता आणि विचारलं असतं, “कमी होतंय ना? मग जातंय कुठे?” फाटक ओलांडताना तिथे प्लायवूडऐवजी माणसं असती तर, हा विचार त्यांना घरी जाईपर्यंत सोडेना. जानकीबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, की ब्रेक जरा सैल होता.

गाडी दुरुस्त झाली, पण उभी करायला जागा राहिली नव्हती. वर्सोव्याच्या एका मासळीवाल्यानं ती घेतली. ती आता बर्फ वाहते. बर्फाच्या गाडीखाली काय सांडतंय हे कुणी विचारत नाही.

पहिल्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी वैद्यांचा फोन आला. आवाज मऊ होता.

“परबसाहेब, तो डाग हो. अजून वाढतोय. तिथे आता दुसरी गाडी लावायलाही कुणी तयार नाही. भाऊरावांचा नातूसुद्धा नाही म्हणाला. देखभालवाले म्हणतात, पार्ट बाहेरून यायचाय. तर कमिटीनं ठरवलं की तोवर तिथे मोठ्या कुंड्या ठेवाव्यात. सहा पुरतील. तुमच्याकडे आहेत ना? आपल्यातलाच माणूस असताना बाहेर कशाला जायचं?”

परबांनी फोन कानापासून लांब धरला. त्यांच्याकडे उत्तरं पुष्कळ होती, अकरा पानं होती. जानकीबाई दारात उभ्या होत्या. गाडी गेल्यापासून झाडांचं एकही काम आलं नव्हतं.

“सहा नको,” परब शेवटी म्हणाले. “आठ लागतील. डाग मोठा आहे.”

कुंड्या त्यांनी हातगाडीवरून आणल्या आणि स्वतःच लावल्या. चौदा वर्षांच्या पिकअपच्या जागेवर आता आठ पामची झाडं डुलतात. पार्ट्या येतात, बघतात, छान म्हणतात. परब रोज सकाळी आठला झारी घेऊन खाली उतरतात, कारण पाणी घालणं भाड्यातच धरलंय. परवा नवव्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली एक मुलगी गाडीचं दार उघडता उघडता थांबली.

“माळीकाका,” ती म्हणाली, “जरा बघा ना, तुमच्या कुंड्यांचं काहीतरी गळतंय. माझ्या टायरपर्यंत आलंय.”

परबांनी झारी खाली ठेवली. वाकले, बोट लावलं, बोटांत चोळलं. तेच तेल. पातळ, स्वच्छ, जळका वास नाही.

“पाणी आहे, मॅडम,” ते म्हणाले, आणि खिशातला रुमाल काढून पुसू लागले.